पेंच म्हणजे नेमकं कुठलं पेंच?

नागपुरात कुणी "पेंचला चाललो" म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या गेटनं? पेंच नावाची राष्ट्रीय उद्यानं दोन आहेत, एक मध्य प्रदेशात, एक महाराष्ट्रात, एकमेकांना खेटून, आणि एका राज्याचं सफारी बुकिंग दुसऱ्याच्या गेटवर चालत नाही. पहाटे लेकरांना उठवून चुकीच्या गेटवर पोचलेली कुटुंबं पाहिली की जीव हळहळतो.

तुरिया आणि कर्माझिरी ही गेटं मध्य प्रदेशातली. तिथलं उद्यान सिवनी-छिंदवाडा जिल्ह्यांत आहे, नाव इंदिरा प्रियदर्शिनी, दर्जा मिळाला १९८३ साली. एकोणतीस बछड्यांना जन्म देणारी 'कॉलरवाली' वाघीण इथलीच. ती जानेवारी २०२२ मध्ये गेली. सिल्लारी, चोरबाहुली, कोलितमारा ही गेटं आपल्या नागपूर जिल्ह्यातली. हे पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान, १९७५ चं, म्हणजे वयानं थोरलं. व्याघ्र प्रकल्प मात्र मध्य प्रदेशात आधी आला, १९९२ ला. इकडे १९९९ ला. सगळ्यात जास्त गोंधळ खुर्सापारचा होतो. ते गेट तुरियासारखंच सीमेवरच्या खवासा गावाच्या बाजूला आहे, पण महाराष्ट्रात मोडतं.

आता माझं मत सांगते. वाघासाठी जायचं तर दोन्हीकडे जा, सागाचं जंगल तेच आहे. रात्रीसाठी मात्र आपलं पेंच. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं, म्हणजे तारे बघता यावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा. आजूबाजूच्या गावांतले दिवे झाकून, खाली वळवून आकाश काळं राखलंय. अमावास्येच्या आसपास जा.

नदीला मात्र ही वाटणी करता येत नाही. पेंच छिंदवाड्यात उगम पावते, तिकडच्या उद्यानातून दक्षिणेला उतरते आणि तोतलाडोहच्या धरणाला अडते. धरणाची भिंत महाराष्ट्रात, पण बुडीत क्षेत्राचा मोठा भाग मध्य प्रदेशात. नावातच डोह आहे: उन्हाळ्यात नदीची धार तुटली की पाणी फक्त अशा डोहांत उरतं आणि जनावरं तिथं येतात. जलाशय ओसरला की उघड्या पडलेल्या तळावर गवत उगवतं, त्यावर चितळं आणि गवे उतरतात. पुढे हेच पाणी नवेगाव खैरीच्या धरणात जातं आणि तिथून नागपूरच्या नळांना येतं.