शाळा कुणाच्या हाती? कॅनडातल्या आदिवासी शिक्षणाची पार्श्वभूमी

दर ३० सप्टेंबरच्या सुमारास कॅनडातली मुलं केशरी शर्ट घालून शाळेत जातात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही त्यांत असतात. या रंगामागे फिलिस वेबस्टॅड यांची आठवण आहे. १९७३ साली त्या सहा वर्षांच्या होत्या. शाळेत जायचं म्हणून आजीने त्यांना नवाकोरा केशरी शर्ट घेऊन दिला होता. ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तो अंगावरून उतरवला गेला आणि पुन्हा कधी हाती आला नाही.

आदिवासी मुलांसाठीच्या या निवासी शाळांना पैसा सरकारचा आणि कारभार चर्चचा. १८८० च्या दशकात त्यांचं जाळं उभं राहिलं, १९२० मध्ये कायद्याने सक्ती आली आणि शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. एवढ्या काळात सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. मुलांना आईबापांपासून आणि मातृभाषेपासून तोडायचं, हा हेतू सरकारने कधी लपवलाही नाही. आपल्या बोलीत बोललं की मार बसे. क्षयाने मुलं दगावत होती. सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्ये तसा अहवाल दिला, तरी शाळा चालूच राहिल्या.

आदिवासी मुलं शिक्षणात मागे का, असं विचारणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यावं. ज्या आजोबांनी शाळेत मार खाल्ला, त्यांनी नातवाला कोणत्या भरवशावर शाळेत धाडायचं?

उत्तर पालकांनीच शोधलं. १९७० च्या उन्हाळ्यात अल्बर्टातल्या ब्लू क्विल्स शाळेत लोकांनी ठिय्या दिला. म्हातारी माणसं, बायका, पोरं शाळेतच मुक्कामाला राहिली आणि शाळेचा ताबा आपल्याकडे येईपर्यंत हटली नाहीत. दोन वर्षांनी आदिवासींच्या राष्ट्रीय संघटनेने लेखी मागणी मांडली: मुलांनी काय शिकायचं हे पालक ठरवतील, शाळा गाव चालवेल. सरकारने तत्त्वतः होकार दिला, पण पैसा आणि खरा अधिकार बराच काळ राजधानी ओटावातच राहिला.

नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या मिकमॉ या आदिवासी लोकांनी हा अधिकार मिळवला. त्यांची मुलं १९३० ते १९६७ शुबेनाकाडीच्या निवासी शाळेत जात होती. १९९७ मध्ये नऊ मिकमॉ समाजांनी केंद्र आणि प्रांताशी करार केला, पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. शिक्षक कोण, भाषा कोणती, पैसा कुठे घालायचा, हे समाज ठरवू लागले. प्रांताच्या शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठीही ते प्रांताबरोबर बसून काम करतात. मिकमॉ मुलांत बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण पुढे ९० टक्क्यांच्या आसपास गेलं. देशभरातल्या आदिवासी वस्त्यांतल्या प्रमाणाच्या ते कितीतरी पुढे आहे. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी निवासी शाळांबद्दल संसदेत माफी मागितली ती त्यानंतर, ११ जून २००८ रोजी. या शाळांचा इतिहास तपासणाऱ्या, न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. आदिवासी शिक्षणाचा नवा कायदा आदिवासींच्या पूर्ण सहभागाने आणि संमतीनेच व्हावा, ही त्यांतलीच एक. २०२२ मध्ये नोव्हा स्कोशियाने मिकमॉ ही प्रांताची मूळ भाषा असल्याचं कायद्याने मान्य केलं. ब्रिटिश कोलंबियात २०२३-२४ पासून आदिवासी विषयांचा अभ्यास केल्याशिवाय कुणालाच बारावीचं प्रमाणपत्र मिळत नाही, मग ते मूल मराठी घरातलं का असेना.