मिथाइल कुठल्या बाजूला बसणार हे ठरवतं कोण?

कॅटॅलिस्ट म्हणजे रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, ही व्याख्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलीय. चूक नाही, पण अर्धीच आहे: माल कसा बनणार हेही कॅटॅलिस्टच ठरवतो.

शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा. ते पातळ बिजागर रोज वाकवलं तरी तुटत नाही, ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्रॉपिलीन वायूचे रेणू एकाला एक जोडून बनलेल्या लांब साखळ्या. आता तोच प्रॉपिलीन वायू, तेच अणू, तोच फॉर्म्युला, पण कॅटॅलिस्ट चुकला की हातात येतो मऊ चिकट गोळा, त्याचं झाकण काय डोंबल होणार! फरक एवढाच की साखळीतल्या एकाआड एक कार्बनला लटकलेले मिथाइल (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचे गट) सगळे एका बाजूला आहेत की वाट्टेल तसे. एका बाजूला असले तर साखळ्यांचे पीळ शेजारीशेजारी नीट बसतात, स्फटिक होतात, आणि माल साधारण 165 अंशांपर्यंत वितळत नाही. हे 1954 मध्ये इटलीत जुलिओ नात्ताने दाखवलं, जर्मन रसायनशास्त्रज्ञ झिग्लरच्या कॅटॅलिस्टवरून. 1963 चं नोबेल दोघांना मिळालं. या रचनांची आयसोटॅक्टिक (सगळे मिथाइल एका बाजूला) वगैरे नावं मात्र नात्ताच्या बायकोने सुचवलेली.



आता खरी गंमत, कॅटॅलिस्ट बाजू ठरवतो कसा? असा एक कॅटॅलिस्ट बघा: झिर्कोनियम या धातूचा एक अणू, त्याच्या वरखाली कार्बनच्या रिंगा, आणि मधे दोन जागा. एका जागेवर वाढती साखळी, दुसरी रिकामी. प्रॉपिलीन रिकाम्या जागी येतो, साखळी सरकून त्याला जोडली जाते, म्हणजे आता आधीची जागा रिकामी, पुढचा प्रॉपिलीन तिकडे, असं आलटून पालटून. रिंगा साखळीला एका अंगाला ढकलतात आणि मिथाइल साखळीला टाळून उलट्या अंगाला वळतो. दोन्ही जागा हुबेहूब सारख्या असल्या तर प्रत्येक मिथाइल एकाच बाजूला. पण त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असल्या तर? मग एक इकडे, एक तिकडे, शिस्तीत! युएन या रसायनशास्त्रज्ञाने 1988 मध्ये असा कॅटॅलिस्ट खरंच बनवला.

1995 मध्ये कोट्स आणि वेमथ या रसायनशास्त्रज्ञांनी वरखालच्या रिंगांना एकमेकींशी बांधणारा पूलच काढून टाकला, म्हणजे त्या सुट्या फिरणार, साखळीचा एक तुकडा शिस्तीचा, पुढचा बेशिस्त. कल्पना अशी की फिरणं प्रत्येक जोडणीपेक्षा हळू हवं आणि अख्खी साखळी बनण्यापेक्षा जलद. हाती आलं ताणलं की परत येणारं, रबरासारखं पॉलिप्रॉपिलीन.