वर्ड फाईलचे स्वच्छ वेबपान

वर्डमधल्या मजकुराची रचना, म्हणजे शीर्षके, परिच्छेद, याद्या, तक्ते, जशीच्या तशी राखून त्यावरची छपाईपुरती सजावट उतरवणे आणि उरलेला मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या खुणांच्या भाषेत, बसवणे, याला स्वच्छ रूपांतर म्हणतात. मराठवाड्यातल्या स्मरणिका, अहवाल आणि शेतीपुस्तिकांच्या जुन्या फाईल बहुधा डीटीपी केंद्रांत श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेल्या असतात. त्यामुळे आधी अक्षरे सोडवून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, आणावी लागतात.

अशा फॉन्टमध्ये अक्षर फक्त दिसायला मराठी असते. कृतिदेवमधल्या ‘मराठवाडा’चा फॉन्ट बदलला की ई-जे-के-बी-ओ-के-एम-के ही रोमन अक्षरे उरतात. शिवाय तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टाईप होतो. ‘हार्दिक’मध्ये ‘द’च्या आधीची वेलांटी नंतर आणि नंतरचा रफार आधी न्यावा लागतो, नाहीतर शब्द वाचताच येत नाही. हे बदल करणारा परिवर्तक सगळ्या फाईलवर एकदम चालवू नये. ज्या तुकड्याचा फॉन्ट कृतिदेव आहे तेवढाच बदलावा, नाहीतर मधले इंग्रजी शब्द आणि ईमेल पत्ते बिघडतात.

युनिकोड झाल्यावरही एक खोड उरते. काही फाईलींत ‘शेतकऱ्यांना’मधला ‘ऱ्य’ साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिलेला असतो. सफाई करताना अदृश्य चिन्हे सरसकट पुसली की ‘शेतकर्यांना’ होते. खताच्या शिफारशीच्या पानावर ही चूक फार खटकते. म्हणून आधी साध्या र आणि जोडचिन्हाच्या जागी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ हलंतासह घालावा, मगच सफाई करावी.

पुढचे काम वर्डमध्येच करावे. सुचवलेले बदल स्वीकारावेत, ठळक-मोठ्या ओळींना हेडिंग १, हेडिंग २ या शैली द्याव्यात, रिकामे परिच्छेद काढावेत. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर मूळ परिच्छेदांत आणावा, कारण बऱ्याच परिवर्तकांतून तो गळतो. अभंग-ओवीच्या ओळी एंटरने न तोडता शिफ्ट-एंटरने तोडाव्यात, म्हणजे चारही चरण एकाच परिच्छेदात राहतात.

वर्डमधून थेट चिकटवलेल्या मजकुरासोबत ‘एमएसओ’ने सुरू होणारी वर्गनावे आणि स्पॅन, म्हणजे मजकुराच्या तुकड्याभोवतीच्या एचटीएमएल खुणा, येतात. स्पेलिंग तपासणीमुळे एकच शब्द दोन स्पॅनांत तुटू शकतो. तुकडा अक्षर आणि काना-मात्रेच्या मधोमध पडला तर ब्राउझरात ठिपक्यांचे वर्तुळ दिसू शकते. पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने डॉकएक्स (वर्डची) फाईल बदलली की हा कचरा बहुतेक टळतो. मूळ चित्रे हवी असतील तर फाईलची प्रत काढून तिच्या नावाच्या शेवटचे ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करावे आणि ती उघडावी, चित्रे ‘वर्ड’मधल्या ‘मीडिया’ फोल्डरात सापडतात.

आपोआप आलेले १, २, ३ हे आकडे रूपांतरात इंग्रजी होतात. यादीच्या शैलीला ‘देवनागरी’ हे मूल्य दिले की ते परत येतात. तक्त्याची पॉइंटातली रुंदी काढावी, पहिल्या ओळीतली घरे शीर्षघरे करावीत. नत्र-स्फुरद-पालाशच्या तक्त्यात जोडलेली घरे सुटी करणे चांगले, मोबाईलवर आकडे चुकीच्या पिकाखाली जात नाहीत.

पानाची भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) लिहावी, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे येतात. निजामकाळच्या दस्तऐवजांवरच्या लेखांत उर्दू उतारे असतात. त्यांना उजवीकडून डावीकडे अशी दिशा वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर शेजारचे सनाचे आकडे आणि विरामचिन्हे जागा बदलतात.