रीफ टँकमधले चपटे कृमी : मारण्याआधी ओळखा

रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, काचेवर, वाळूवर, खडकाच्या उजेडाकडच्या बाजूला एक दिवस गंजाच्या डागांसारखे तांबूस ठिपके दिसू लागतात. जवळून पाहावं तर ते सरकत असतात. लांबी जेमतेम पाच-सात मिलिमीटर, आणि शेपटीकडे तीन टोकं. मत्स्यालयवाले याला ‘रेड प्लॅनेरिया’ म्हणतात, पण हा प्लॅनेरिया, म्हणजे खरा चपटा कृमी, नाही. कन्व्होल्युट्रिलोबा या प्रजातीतला हा जीव. त्याला आतड्याची पोकळीच नसते. दिसायला चपटा असला तरी त्याचा गट चपट्या कृमींच्या संघात बसत नाही, असं १९९९ मध्ये जनुकांच्या तुलनेतून पुढे आलं.

त्याच्या अंगात एकपेशीय शैवाल राहतं, म्हणून त्याला ऊन, म्हणजे टाकीतला दिवा, प्रिय. संख्या वाढवण्यासाठी त्याला जोडीदारही लागत नाही. मागच्या टोकाला कळी फुटते आणि गंमत म्हणजे या कळीचं डोकं मूळ जीवाच्या बरोबर उलट दिशेला असतं. वाढ झाली की ती सुटते आणि आपल्या वाटेने जाते. नव्या खडकाबरोबर असा एक जीव आला, तरी टाकी भरायला तेवढा पुरतो.

हे कृमी प्रवाळाला खात नाहीत. फार झाले तर प्रवाळावर पसरून उजेड अडवतात आणि पाण्यातले कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव फस्त करतात. खरा धोका ते मरतात तेव्हा असतो. त्यांच्या शरीरात विषारी द्रव्यं असतात. शेकडो कृमी एकदम मेले की ती पाण्यात उतरतात आणि मासे दगावतात. तेव्हा औषधाची बाटली उघडण्याआधी बारीक नळीने सायफन करून शक्य तितके कृमी जिवंतच ओढून काढावेत. दर पाणीबदलाला हे केलं की पुष्कळदा औषधाची वेळच येत नाही. आलीच, तर बदलण्यासाठी मिठाचं पाणी आधी कालवून ठेवायचं, विष शोषून घेणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन हाताशी ठेवायचा आणि कृमी गळू लागताच सायफन पुन्हा सुरू करायचा. काळ्या मखमली अंगावर निळ्या रेघा असलेली केलिडोन्युरा नावाची समुद्री गोगलगाय हे कृमी आवडीने खाते. पण ते संपले की ती उपाशी मरते. सफाईसाठी एखादा जीव आणून त्याला असं मारणं मला पटत नाही.

दुसरा कृमी मात्र खराखुरा चपटा आणि खराखुरा शत्रू. प्रॉस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी हा ॲक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळावरच जगतो. (भारतात सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आपल्या समुद्रातून ते काढणं किंवा विकणं गुन्हा आहे.) प्रवाळाबरोबर पोटात गेलेलं शैवाल अंगात तसंच राहत असल्याने कृमीचा रंग यजमानासारखाच होतो. समोर असूनही तो दिसत नाही; दिसतात ते फांदीवरचे फिकट गोल चावे. शंका आली तर पिचकारीने फांदीवर पाण्याचा जोरदार झोत मारावा. कृमी असले तर सुटून खाली पडतात.

उपचार म्हणजे प्रवाळ टाकीबाहेर काढून औषधी पाण्यात बुडवणं. गुरांना जंतांसाठी देतात ते लेव्हामिसोल यासाठी वापरतात. त्याने कृमीची पकड सुटते. इथेच अनेकांची फसगत होते. फांदीच्या बुडाशी, जिथे मांस उरलेलं नसतं त्या उघड्या सांगाड्यावर, कृमीने तपकिरी अंड्यांचे पुंजके चिकटवलेले असतात. त्यांच्या कवचातून औषध आत पोचत नाही. दिसतील तेवढी अंडी खरवडायची आणि उरलेल्यांतून पिल्लं बाहेर पडली की ती मोठी होऊन अंडी घालण्याआधी पुन्हा बुडवायचं. २७ अंश सेल्सियसला अंड्यापासून अंड्यापर्यंतचा फेरा साधारण ३८ दिवसांचा असतो, थंड पाण्यात आणखी लांबतो. म्हणून एकदा बुडवून सुटका नाही. आठवड्याला एक याप्रमाणे दीड-दोन महिने हे चालू ठेवावं लागतं. तेवढा काळ मूळ टाकीत ॲक्रोपोराची एकही फांदी नसेल, तर मागे राहिलेले कृमी उपासाने संपतात.

मदतनीसही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सहा पट्ट्यांचा रास मासा आणि पेपरमिंट कोळंबी यांची या कामासाठी परीक्षा घेतली. दोघांनीही कृमी खाल्ले. कोळंबीने अंडीही खाल्ली, आणि अंड्यांपुढे औषध हात टेकतं हे पाहता तिचं मोल मोठं. तरी भरलेल्या टाकीत हे दोघे संख्या आटोक्यात ठेवतील एवढंच, पूर्ण निर्मूलन करतील असं समजू नये.

विकत आणलेल्या प्रवाळाच्या तुकड्याखालची सिमेंटची चकती आधी काढून फेकून द्या, तुकडा नव्या चकतीवर चिकटवा आणि वेगळ्या टाकीत ठेवा. अंडी त्या जुन्या चकतीवरूनही घरात येऊ शकतात.