दार आपलं, कपाट जर्मनांचं: लिथुआनियन-लाटवियन घरातले शब्द

लिथुआनियन भाषा म्हणजे संस्कृतची बहीण, असले फॉरवर्ड आपल्याकडे अधूनमधून फिरत असतात, आणि त्यात तथ्य आहेच. दाराला तिथे म्हणतात दुरीस, विस्तवाला उग्निस (आपला अग्नी), धुराला दूमाय (धूम). रातास म्हणजे चाक, आणि त्याचं अनेकवचन राताय म्हणजे गाडी, म्हणजे चाकं म्हटली की गाडी आलीच. आपला रथ त्याच कुळातला.

पण हे झालं उंबरठ्यापर्यंत. आत गेलं की चित्र बदलतं, विशेषतः शेजारच्या लाटवियात, जिथली भाषा लिथुआनियनची जवळची नातेवाईक. 1201 मध्ये बिशप आल्बर्टने रीगा शहर वसवलं, मग जर्मन व्यापारी आले, आणि त्यांच्या बोलीतून, लो जर्मनमधून, घरातलं बरंचसं सामान नावासकट आलं. कपाट स्कापिस, टॉवेल द्विएलिस, प्यायचा ग्लास ग्लाझे, सगळे तिकडचेच. आपल्याकडे पोर्तुगीजांनी चावी दिली तसंच हे.

लिथुआनियाचा संबंध जास्त पोलंडशी, 1569 च्या लुब्लिन करारानंतर तर दोघांचं राज्यच एक झालं. त्यामुळे बटाटा लिथुआनियनमध्ये बुल्वे, पोलिशमधून आलेला, आणि शेजारच्या लाटवियनमध्ये कार्तुपेलिस, जर्मनमधून. पीक एकच, दोघांनी नाव वेगवेगळ्या शेजाऱ्याकडून घेतलं. साखर मात्र (त्सुक्रुस, लाटवियात त्सुकुर्स) दोघांकडेही मुळात आपलीच शर्करा, फक्त अरबी, मग जर्मन-पोलिश असे हात बदलत एवढ्या लांब गेलेली. हे नातं मला दुरीस-द्वारपेक्षा जास्त आवडतं, कारण तिथे दोघांचे पूर्वज एक होते एवढंच कळतं, इथे माल कुठून कुठे गेला ते दिसतं.

पुस्तकाची गंमत वेगळीच. लाटवियन ग्रामाता जुन्या रशियनमधून आला, त्याचं मूळ ग्रीक. लिथुआनियन क्नीगा पण स्लाव्हिक. 1864 ते 1904 रशियाच्या झारने लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली तेव्हा लोक शेजारच्या प्रशिया या जर्मन राज्यात पुस्तकं छापून चोरून सीमेपार आणायचे, त्यांना क्नीग्नेशिस म्हणतात, पुस्तक वाहणारा. भाषेसाठी तुरुंगात जाणाऱ्याच्या नावातच उसना शब्द!

नव्या वस्तूंसाठी लिथुआनियन लोकांनी घरचेही शब्द घडवले. घड्याळ म्हणजे लाइक्रोदिस, लाइकास म्हणजे वेळ आणि रोदीती म्हणजे दाखवणं, साधा हिशोब. आगकाडी 19व्या शतकातली वस्तू, तिला डेग्तुकास, डेग्ती म्हणजे जळणं यावरून. आणि हा डेग्ती म्हणजे आपल्या दह् धातूचा सख्खा भाऊ, दाह आणि दग्धवाला.