धातुझिलई (वेषभूषेतील शिरस्त्राणांची)

फोम, पुठ्ठा, कागदाचा लगदा, रेझिन किंवा त्रिमितीय छपाईचे प्लॅस्टिक वापरून घरी बनवलेले शिरस्त्राण पोलादाचे, पितळेचे वा काशाचे भासावे म्हणून त्यावर केले जाणारे रंगकाम. नाटक, वेषभूषा स्पर्धा आणि कॉस्प्ले (चित्रपट, खेळ वा कथांतील पात्राचा वेष धारण करणे) यांत त्याची गरज पडते. नवशिका सगळा जीव चंदेरी स्प्रेच्या निवडीत गुंतवतो. खरे तर त्या रंगाखाली काय आहे यावर निम्म्याहून अधिक काम ठरून गेलेले असते.

चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. गुळगुळीत पृष्ठभागावर त्या माशाच्या खवल्यांसारख्या सपाट निजतात आणि प्रकाश एकाच दिशेला परतवतात. खडबडीत जागी त्या वाकड्यातिकड्या पडतात, प्रकाश विखुरतो आणि हाती लागतो तो नुसता राखाडी रंग. शिवाय चकाकी काहीच झाकत नाही. साध्या रंगाखाली दडलेला ओरखडा चंदेरी हात बसताच उठून दिसतो.

पूर्वतयारी साहित्यानुसार बदलते. ईव्हीए फोमवर (रबरासारख्या लवचिक फोमवर) हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, झरझर फिरवली की वरची छिद्रे मिटतात आणि कातडीसारखा किंचित तुकतुकीत थर तयार होतो. त्यावर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे किंवा रबरी लेपाचे चार-पाच हात देतात. फोम वाकतो, त्यामुळे कडक प्रायमरला (रंगाआधीच्या अस्तराला) तडे जाऊन पोपडे सुटतात. रबरी लेप इथे जास्त भरवशाचा. थर्माकोलवर थेट स्प्रे मारू नये, त्यातले द्रावक थर्माकोल विरघळवते. त्रिमितीय छपाईत थरांच्या रेषा राहतात. त्या लांबी (पुट्टी) आणि फिलर प्रायमरने (बारीक खाचा भरणाऱ्या जाड प्रायमरने) बुजवून २२०, ४००, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासतात. शेवटची घासाई पाण्याने करावी. पृष्ठभाग जमला की नाही हे पाहण्याची सोपी खूण आहे: प्रायमर किंचित ओला करून शिरस्त्राण ट्यूबलाइटखाली फिरवायचे. प्रकाशाची रेघ वळणावर सलग सरकली तर ठीक. जिथे ती थरथरते किंवा तुटते तिथे पुन्हा लांबी. हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक कामे इथेच बिघडतात.

पोलादासाठी खाली तकतकीत काळा रंग देतात. तो पूर्ण वाळल्यावर २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून चंदेरीचे अगदी पातळ हात द्यायचे. जाड हात दिला की ओघळ येतात आणि चकत्या बुडतात. क्रोम म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच रंगांत चकत्या वर तरंगणाऱ्या असतात. त्यांवर पारदर्शक वार्निश मारले की चकत्या भिजतात आणि आरसा मंद पडून करडा होतो. म्हणून वार्निश आधी टाकाऊ तुकड्यावर मारून पाहावे. सोन्याखाली काळ्यापेक्षा तांबूस तपकिरी रंग ऊबदार दिसतो. सोन्याचा वर्ख लावणारे कारागीरही वर्खाखाली तांबडी माती वापरत आले आहेत.

जुन्या, वापरातल्या लोखंडासाठी माझ्या मते स्प्रेपेक्षा ग्रॅफाइटची भुकटी सरस. मऊ फडके बोटाला गुंडाळून भुकटीत टेकवायचे आणि वाळलेल्या काळ्या रंगावर चोळायचे; कडांवर जोर, खाचांत जवळजवळ नाही. काळा हळूहळू गडद पोलादी होत जातो आणि ती चमक दाणेदार वाटत नाही.

कोरी चकाकी खेळण्यासारखी दिसते, म्हणून शेवटी शिरस्त्राण मळवतात. पातळ काळा-तपकिरी रंग सगळीकडे फासून लगेच पुसला की तो खाचांत आणि रिव्हेटांभोवती उरतो. जिथे हात लागतो, जिथे घासते, तिथल्या कडा जेमतेम चंदेरी रंग लागलेल्या, जवळजवळ कोरड्या ब्रशने उजळतात. पोचा पडला तर त्याचा तळ काळा आणि काठ उजळ हवा. रंगीत चिलखतासाठी आधी चंदेरी हात देतात, हव्या त्या ठिकाणी टूथपेस्टचे ठिपके ठेवतात, वर रंग मारतात आणि वाळल्यावर ठिपके धुऊन काढतात. उडालेल्या रंगाची कड त्यामुळे खरोखरच उंच-सखल लागते. एक चूक मात्र वारंवार दिसते, पितळी शिरस्त्राणावर तांबडा गंज. पितळ आणि कासे असे गंजत नाहीत. ती काळवंडतात किंवा हिरवट होतात. तांबडे ओघळ फक्त लोखंडाला, आणि तेही पाणी वाहील त्या दिशेने.

स्प्रे मोकळ्या हवेत, सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज (गाळणी) असलेला मास्क लावून मारावा; कापडी मास्क वाफा अडवत नाही. दोन घटकी (वापरताना दोन द्रव मिसळावे लागणाऱ्या) वार्निशमध्ये बहुधा आयसोसायनेट हे रसायन असते, ते श्वासावाटे घातक ठरू शकते. घरगुती कामात ते टाळलेलेच बरे. द्रावकाचा वास पूर्ण जाईपर्यंत शिरस्त्राण डोक्यावर चढवू नये. आतली बाजूही काळ्या, बिनचमकीच्या रंगाने रंगवतात, नाहीतर डोळ्यांच्या फटीतून उघडा फोम डोकावतो.