एल की लागर? कोकणातल्या हवेत बिअर आंबवताना

बिअरमध्ये गडद ती एल आणि फिकट पिवळी ती लागर, ही समजूत बरीच पसरली आहे, पण ती चूक आहे. जर्मनीची श्वार्त्सबिअर जवळजवळ काळी असते, तरी ती लागर. तिथल्याच कोलोन शहराची कोल्श फिकट सोनेरी, पण एल. कडकपणावरूनही दोन्ही ओळखता येत नाहीत. फरक आहे यीस्टचा, आणि त्या यीस्टला मानवणाऱ्या तापमानाचा.

एलचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारं यीस्ट याच जातीचं. ते १८ ते २२ अंशांत आठवडाभरात काम उरकतं आणि फळांसारखा किंचित वास मागे ठेवतं. लागरचं यीस्ट, सॅकरोमायसिस पास्टोरियानस, हा संकर आहे. त्याचा थंडी सोसणारा जनक २०११ साली दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. हे यीस्ट ८ ते १३ अंशांत दोनेक आठवडे रेंगाळत आंबवतं. मग ० ते २ अंशांत महिना-दीड महिना मुरवण. बिअरला तो स्वच्छ, कोरडा घोट त्यातूनच येतो.

वीस लिटरच्या घाण्याला दोन्हींत साधारण साडेचार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीचं धान्य) लागतो, ६६ अंशांत तासभर भिजवलेला. यीस्टचं प्रमाण मात्र वेगळं. एलला साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट पुरतं, लागरला दोन हवीत. थंडीत यीस्ट हळू वाढतं. कमी टाकलं तर आंबवण सुस्त पडते आणि वास बिघडतो.

आता रत्नागिरी-मालवणची हवा. आंबताना द्रव स्वतःच तापतो, खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर जातो. म्हणजे २८ अंशांच्या खोलीत ठेवलेली एलसुद्धा ३१-३२ वर पोचते. मग थिनरसारखा वास आणि जड अल्कोहोल. फर्मेंटरला, म्हणजे आंबवण्याच्या भांड्याला, ओलं फडकं गुंडाळण्याची युक्ती घाटावर उन्हाळ्यात चालते, इथे नाही. हवाच एवढी दमट असते की फडक्यातलं पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा कुठून येणार? तापमान-नियंत्रक लावलेला जुना फ्रीज हाच खरा उपाय. एलला तो आठवडाभर गुंततो, लागरला दोन महिने, आणि जूनच्या वादळात वीज किती वेळा जाते हे कोकणात कोणाला सांगायला नको.

दुसरी अडचण उकळल्यानंतरची. विहिरीचं पाणीच २७-२८ अंशांचं, त्यामुळे तांब्याच्या नळीतून ते फिरवून वॉर्ट (माल्ट भिजवून काढलेला गोड रस) जेमतेम तिशीपर्यंत उतरतो. एलसाठी पुढे बर्फाचं पाणी फिरवलं की भागतं. लागरला १० अंश गाठायचे असतात. लागरच्या फिकट पिल्सनर माल्टमध्ये उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं द्रव्य तयार होण्याची क्षमता जास्त असते. म्हणून झाकण न ठेवता दीड तास उकळायचं आणि गरम वॉर्ट रेंगाळू द्यायचा नाही, कारण त्या वेळात ते द्रव्य पुन्हा तयार होत राहतं.

लागरमध्ये बटरस्कॉचचा वास आला तर बहुतेक वेळा एक पायरी गाळलेली असते: आंबवण तीन-चतुर्थांश झाल्यावर तापमान १६-१७ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवायचं आणि मगच थंड करायचं. सुरुवातीला येणाऱ्या गंधकाच्या वासाने मात्र घाबरू नये, मुरताना तो जातो.

गंमत म्हणजे जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मृदू, अगदी पिल्सनर या फिकट लागरला शोभणारं. १८४२ मध्ये चेक प्रदेशातल्या पिल्झेनला जी बिअर जन्मली, ती अशाच मृदू पाण्यावर. खाडीलगतची खारी विहीर आणि लोह असलेलं पाणी तेवढं टाळावं. थोडक्यात, इथलं पाणी लागरच्या बाजूचं आणि हवा एलच्या.

माल्ट पावसाळ्यात लगेच सादळतो, मग तो नीट दळला जात नाही. हवाबंद डब्यात ठेवून लागेल तेवढाच दळावा. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, फ्रीझरमध्ये. परवाना नसेल तर महाराष्ट्रात बिअर बनवणं हा गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

नॉर्वेच्या शेतांवरचं क्वाइक यीस्ट ३० ते ३५ अंशांतही नीट आंबवतं. कोकणातल्या छोट्या ब्रुअरीला ते फ्रीजपेक्षा स्वस्त पडेल. त्याने बनवलेली फिकट, स्वच्छ बिअर काही जण लागर म्हणून विकतात, पण ती एलच.